दिव्याची उघडझाप

दिवाळी सरली की आमच्या बारडोलीत दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक विमानाने येणारे, दुसरे ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून येणारे. पहिले म्हणजे अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंड येथे स्थायिक झालेले येथील पाटीदार. वर्षभर कुलुपात राहिलेली आपली घरे उघडण्यास आणि लग्नकार्ये उरकण्यास ते येतात. दुसरे म्हणजे खानदेशातून आणि डांगातून ऊसतोडीसाठी येणारे मजूर. या दोहोंची गाठ पडते ती केवळ रस्त्यावर. पहिले मोटारीच्या काचेआडून म्हणतात, "इथे गाडी चालवणे म्हणजे जिवाशी खेळ!" दुसरे काहीच म्हणत नाहीत. ते रस्त्याच्या कडेने चालत राहतात.

आमचे वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त ताप्ती खोऱ्याच्या मार्गावर बदलून आले आणि बारडोलीचेच होऊन गेले. त्यामुळे परदेशस्थांची ही तक्रार ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. ती आम्हांस नेहमीच थोडी आढ्यतेची वाटे. २०२२ साली चिरंजीवांकडे न्यू जर्सीतील एडिसन येथे सहा महिने राहण्याचा योग आला, आणि तिचा विचार आम्हांस नव्याने करावा लागला.

आरंभ फजितीनेच झाला. विमानतळावर आम्ही सवयीने मोटारीच्या डाव्या बाजूचे पुढचे दार उघडले, तो समोर स्टिअरिंग! चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हीच चालवणार का?" तेथे वाहने उजवीकडून चालतात आणि चालक डावीकडे बसतो, हे आम्हांस ठाऊक होते, पण हातांना कोठे ठाऊक होते? पुढे पंधरा दिवस रस्ता ओलांडताना आमची मान चुकीच्या दिशेस वळे, आणि सौभाग्यवती आमचा सदरा धरून मागे ओढीत.

डावे-उजवे हा तसा केवळ संकेताचा भाग. ज्या १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारावाढीविरुद्ध वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली लढा दिला, त्याच साली पोर्तुगालने आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोवा मात्र पोर्तुगीज अमलाखाली असूनही डावीकडेच राहिला. कारण शेजारचा सारा मुलूख डावीकडून चालणारा. स्वीडनने १९६७ च्या सप्टेंबरात एका पहाटे सगळा देश डावीकडून उजवीकडे वळवला. सर्वांनी एकच बाजू धरली म्हणजे झाले. खरा फरक बाजूचा नाही, तो अन्यत्र आहे, हे आम्हांस हळूहळू उमगले.

एडिसनमधील ज्या चौकात चारही बाजूंस थांबण्याची पाटी असे, तेथे पोलीस नसे आणि दिवाही नसे. तरी प्रत्येक मोटार पूर्ण थांबे. जो आधी आला तो आधी जाई. दोघे एकदम आले तर उजवीकडच्यास मान. शाळेची पिवळी बस थांबून तिचे तांबडे दिवे लुकलुकू लागले की मागचीच नव्हे, तर दुभाजक नसेल तेथे समोरून येणारी वाहनेही पंचवीस फुटांवर थांबत. एका सहा-सात वर्षांच्या मुलासाठी सारा रस्ता उभा! ते मूल कोणाचे, कोणत्या वर्णाचे, कोणत्या घरचे, हे कोणी पाहत नसे. तेथील सारेच आम्हांस रुचले असे नव्हे. डावीकडे वळण्यासाठी आधी उजवीकडच्या फाट्यावर उतरावयाचे, ही न्यू जर्सीची रीत अखेरपर्यंत आमच्या गळी उतरली नाही. मात्र पेट्रोल भरावयास तेथे पंपावर माणूस असतो आणि स्वतः भरण्यास कायद्यानेच मनाई आहे, हे पाहून अगदी बारडोलीत असल्यासारखे वाटले.

एके सायंकाळी अशाच एका चौकात समोरच्या मोटारीने दिव्यांची उघडझाप केली. चिरंजीवांनी आपली मोटार पुढे काढली मात्र, आम्ही ओरडलो, "अरे थांब! तो डिपर देतो आहे!" चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, इथे डिपर म्हणजे 'आधी तुम्ही जा'."

आम्ही गप्प बसलो. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतो आहे, तू थांब'. खूण तीच, दिवा तोच, आणि अर्थ नेमका उलटा! त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण या खुणेशी आमचा एक जुना हिशेब आहे. तो आजवर कोणास सांगितला नव्हता. आज येथे लिहितो.

१९९१ च्या जानेवारीतील गोष्ट. सुरतेहून रात्री आमच्या जुन्या फियाटने एकटेच परतत होतो. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. उसाने लादलेल्या बैलगाड्या रस्त्याने चालल्या होत्या. त्यांस ना दिवा, ना मागे तांबडी काच. एका गाडीच्या बाजूने कासरा धरून एक माणूस चालला होता. आम्ही त्यास डिपर दिला, वर हॉर्नही दिला. वेग मात्र कमी केला नाही. 'मी येतो आहे, तू थांब.' त्याचे डोळे दिपले असावेत. तो दचकून मागे सरला आणि कडेच्या चारीत पडला. आमची मोटार त्यास लागली नाही, हे खरे. "माय वं!" ही हाक मात्र आम्हांस स्पष्ट ऐकू आली. ती आमच्या भाषेतली हाक होती. आरशात पाहिले, तो मागच्या गाड्यांवरची माणसे धावत येत होती. 'माणसे आहेत, बघतील त्याला,' असे मनाशी म्हणून आम्ही पुढे निघून गेलो.

अपघात झाल्यास चालकाने जखमीच्या उपचाराची तजवीज करावी, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. जमावाच्या संतापामुळे ते अशक्य झाले तर कायदा सूटही देतो. पण त्या रात्री कोणीही संतापले नव्हते. एकाही माणसाने आमच्यामागे दगड भिरकावला नाही. मदत करणाऱ्यास विनाकारण त्रास होऊ नये, म्हणून २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांस मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातही आले. त्या मजुरांना यांतले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी ते धावले. कायदा वाचू शकणारे आम्ही मात्र थांबलो नाही. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही.

आम्ही बारडोलीकर माणुसकीत उणे आहोत, असे मुळीच नाही. ओळखीचा दिसला की आम्ही भर रस्त्यात मोटार थांबवून खुशाली विचारतो, मागे दहा वाहने खोळंबली तरी. लग्नाच्या वरातीस आणि अंत्ययात्रेस आम्ही वाट देतो. आमचा जिव्हाळा ओळखीवर चालतो. ऊस तोडून थकलेला, परगावचा, पायी चालणारा माणूस मात्र या ओळखीच्या वर्तुळाबाहेर राहतो. एडिसनच्या त्या चौकात कोणीच कोणास ओळखत नव्हते. म्हणूनच तेथे नियमाची गरज होती. नियम म्हणजे कोरडेपणा, असे आम्ही आयुष्यभर समजत आलो. अनोळखी माणसाची कदर करण्याची तीही एक रीत आहे, हे कळावयास सातासमुद्रापलीकडे जावे लागले.

आता बैलगाड्या कमी झाल्या आहेत. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वाढल्या आहेत. मजूर मात्र अजूनही पायीच चालतात. मागील हिवाळ्यात एके दिवशी तिन्हीसांजेस आम्ही कडोदच्या बाजूने घरी येत होतो. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेस उभी होती. आम्ही मोटार थांबवली आणि, एडिसनची आठवण होऊन, दिव्यांची उघडझाप केली. आधी तुम्ही जा.

ती दचकून दोन पावले मागे सरली.

आमच्या पोटात धस्स झाले. परदेशातून आणलेली खूण येथे कोण वाचणार? येथे तिचा अर्थ आम्हीच वर्षानुवर्षे शिकवून ठेवलेला! मागून हॉर्न वाजू लागले. आम्ही मोठे दिवे मालवले, काच खाली केली, हात बाहेर काढला आणि म्हणालो, "जा बाई, आम्ही थांबलो आहोत. सावकाश जा."

मराठी शब्द ऐकून तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग भारा सावरून, मुलास घट्ट धरून ती रस्ता ओलांडून गेली. मागचे हॉर्न थांबले नव्हते. ती पलीकडे पोहोचेपर्यंत आम्ही मोटार हलवली नाही.