वाघ आमच्या बांधावर

“माय, तुझा वाघ आलाय बघ आमच्याकडं!”

मामाचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत आठव्या मजल्यावर बसून कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच चुका शोधत होते. म्हणजे टेस्टिंग. डिसेंबर २०२४ चे शेवटचे दिवस, क्लायंट सुट्टीवर, आम्ही मात्र जागेवर. ‘तुझा वाघ’ म्हणायचं कारण असं, की मी दोनदा ताडोबाला गेले, सहा वेळा जिप्सीत बसून धूळ खाल्ली आणि पाहिलं काय, तर पुढच्या जिप्सीतल्या काकांची टोपी. घरात तो कायमचा जोक झालाय.

आणि आता वाघ येडशीत? आमच्या येडशीत?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बार्शीकडून निघालात की बालाघाटाचा डोंगर लागतो, तिथे येडशी-रामलिंग घाट अभयारण्य आहे. १९९७ चं. जेमतेम २२ चौरस किलोमीटर. आमची शाळेची सहल दरवर्षी तिथेच. रामलिंगाचं देऊळ, पावसाळ्यात धबधबा, हातातला डबा पळवणारी माकडं... बस्स. ‘तुमच्या उस्मानाबादला बघण्यासारखं काय आहे गं?’ असं पुण्यात कुणी विचारलं, की मी तुळजापूर आणि नळदुर्ग सांगून विषय बदलायचे. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, माझं उत्तर तेच राहिलं.

तर त्या अभयारण्यात वनखात्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. पट्ट्यांवरून ओळख पटली, तो यवतमाळच्या टिपेश्वरचा. साडेचारशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर चालून आलेला तरणाबांड नर. पेपरात बातमी, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, आणि बघता बघता त्याला नावही पडलं, ‘रामलिंग’. मी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते!

आमच्या टीम लीडला मात्र काही विशेष वाटलं नाही. तो सिएटलला ऑनसाइट असताना अलास्काला जाऊन अस्वलं बघून आला होता. कॅटमाय नॅशनल पार्क, ब्रुक्स नदी. छोट्या सी-प्लेनने उतरायचं, पार्कचे रेंजर आधी सगळ्यांचा क्लास घेतात, अस्वलापासून निदान ४५ मीटर लांब राहा, खाण्याचे पदार्थ जवळ बाळगू नका वगैरे. मग लाकडी माचावर उभं राहायचं. जुलैत लाल सामन मासे धबधब्यावर उड्या मारतात आणि अस्वलं तोंड उघडून तयारच असतात. त्याच्या एका फोटोत तर मासा हवेत, अस्वलाचा जबडा उघडा, दोघांत वीतभर अंतर! “तिथे शंभर टक्के दिसतात,” तो म्हणाला. “तुमच्याकडे काय गॅरंटी?”

ठरलं. शनिवारी, २५ जानेवारीला आम्ही चौघं पहाटे निघालो. टेंभुर्णीला चहा, कुर्डुवाडी, बार्शी. मामाला मी ऐटीत सांगून ठेवलं होतं, “गाईड बघून ठेव, पूर्ण दिवसाचा.” मामा “बरं” म्हणाला. तेवढंच. एरवी फोनवर अर्धा तास बोलणारा माणूस.

गाईड म्हणजे मामाच्या शेजारच्या शेतातले अण्णा. वय साठीच्या आसपास, पायात टायरच्या चपला, हातात काठी. तरुणपणी वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजाने राबलेले, त्यामुळे जंगलातलं झाड न् झाड ओळखीचं. त्यांनी आमच्या टीम लीडच्या परफ्यूमचा वास घेतला आणि मान हलवली. मग नियम सांगितले. “जंगलाच्या आत पाऊल टाकायचं न्हाई. साहेबलोक त्याला धरायच्या मागं हायत. आपण रस्त्यानं आन् आपापल्या बांधानं फिरायचं. दिसला तर दिसला.”

वाघाला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडायचं घाटत होतं, पथकं आली होती. (पुढे कित्येक आठवडे प्रयत्न झाले, तो काही हाती लागला नाही.) म्हणजे आम्ही ज्याला हौसेने शोधत होतो, त्याला पगारी माणसंही शोधत होती, आणि त्यांनाही तो दिसत नव्हता.

सकाळी रामलिंगाला गेलो. पायऱ्या उतरून दरीत. जानेवारीत धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ. सीतेला सोडवताना जटायू इथेच पडला आणि रामाने बाण मारून त्याला पाणी काढून दिलं, अशी आमच्याकडची कथा. जटायूची समाधी दाखवतात. या घाटातूनच पूर्वी बार्शी लाईटची छोटी गाडी लातूरला जायची. माझी आई त्या गाडीने माहेरी यायची आणि चढावर गाडी इतकी रेंगाळायची म्हणे, की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. खरंखोटं आईला ठाऊक.

मग अण्णांनी आम्हाला चालवलं. किती? टीम लीडच्या घड्याळात चौदा किलोमीटर. धावडा, सालई, अंजन, खैर... अण्णा एकेका झाडावर काठी आपटत नाव सांगायचे. डुकरांनी उकरलेली जमीन दाखवली. मोरांची पिसं. कोल्ह्याची विष्ठा, तिच्यात बोराच्या बिया. आमच्यातल्या एकीने तिचा फोटो काढला, तेव्हा अण्णा पहिल्यांदा हसले.

दुपारी एका ओढ्याच्या मऊ मातीत ते थांबले. खाली बसले. बोटाने दाखवलं, हात न लावता.

पंजा.

मी फोटोंत शेकडो पाहिलेत. पण हा आमच्या ओढ्यातला होता, आणि माझ्या तळहातापेक्षा मोठा. अण्णांनी शिकवलं, नखं उमटलेली नाहीत म्हणजे कुत्रं-लांडगं नाही, तरस नाही. मांजराच्या जातीचा चालताना नखं आत ठेवतो. आणि ठसा चौकोनी आहे, लांबट नाही, म्हणून नर. ठशाच्या कडा ढासळल्या होत्या, एक मुंगी आरामात आडवी जात होती. “दोन दिसांचा हाय,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी भोवती चार दगड मांडून ठेवले, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

आम्ही चौघंही गप्प. मला एकदम वाटलं, किती एकटा असेल हा! इथे त्याच्या जातीचं दुसरं कुणीच नाही. टिपेश्वरचं जंगलही लहानच, १४८ चौरस किलोमीटर, आणि तिथे वाघ वाढले. मोठ्या झालेल्या नराला बाप ठेवून घेत नाही, मग तो चालत सुटतो. स्वतःची जागा आणि मादी शोधत. टिपेश्वरचाच एक ‘वॉकर’ वाघ २०१९ मध्ये असाच निघाला होता, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं, तीन हजार किलोमीटर चालला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगात टेकला. २०२१ मध्ये एक गौताळ्यात पोचला. शेतं, हायवे, कालवे, वस्त्या, सगळं ओलांडत, बहुतेक रात्रीचं. आपण पुण्यात रूम शोधतो तेव्हा निदान ब्रोकर तरी असतो.

“अलास्कात अस्वलं एवढी जवळजवळ कशी उभी राहतात माहितीये?” टीम लीड हळूच म्हणाला. “मासेच इतके असतात, की कुणाला कुणाशी भांडायची गरज नसते. माणसाकडे तर बघतही नाहीत.” मग त्याने अण्णांना विचारलं, “इथे हा खातो काय?”

“डुकरं खातो. रानात भागलं न्हाई तर गावाकडं येतो.” अण्णांनी काठी मामाच्या शेताकडे केली. “ह्यांचीच तांबडी गाय खाल्ली की. पंधरा दिस झाले.”

मी मामाकडे पाहिलं. तो आमच्यासाठी हुरड्याची पिशवी घेऊन मागून येत होता. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

तांबडी! दिवाळीत मी तिच्यासोबत सेल्फी काढला होता. फोनवर मी पंधरा दिवस ‘वाघ काय म्हणतोय?’ असं खिदळत विचारत होते, आणि हा माणूस “मजेत हाय” म्हणत होता.

“अगं, तू एवढी खुशीत होतीस,” तो म्हणाला. “आन् तुझ्या आईला कळलं असतं तर तिनं मला रानात जाऊ दिलं असतं का?”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. पंचनामा झाला होता, जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. गाय, बैल, म्हैस मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यातलं कमी असेल ते मिळतं, असा २०२२ चा नियम आहे. मामाला वाघाचा राग आलाय का, तर तसंही दिसेना. “त्यो काय करल? त्याला कोण पेंड घालतंय?” त्याला घोर होता तो वेगळाच. रात्रपाळीच्या लाईटचा.

शहरातल्यांना हे सांगावं लागतं. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची, मग अंधारात दंड धरायचे. त्या आठवड्यात रात्रपाळी होती.

संध्याकाळी शेकोटीवर हुरडा झाला, सोबत शेंगादाण्याची चटणी आणि गूळ. पोरं खूश. झोपायची सोय मधल्या खोलीत, मामाच्या सात शेळ्यांसोबत! काळ्याभोर, लांब कानांच्या, अस्सल उस्मानाबादी. गोठा मोकळा ठेवायची आता कुणाची हिंमत नव्हती. टीम लीडच्या उशाशी एक बोकड रात्रभर रवंथ करत बसला होता. गॅरंटीने दिसणारा तेवढाच प्राणी.

बाराच्या सुमाराला मामा उठला. मीही उठले. “झोप तू,” म्हणाला. मी चप्पल घातली.

घरापासून विहीर तीनशे पावलं असेल. दिवसा हे अंतर मी कधी मोजलं नव्हतं. थंडी मी म्हणत होती. मामाच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात कीर्तन. “आवाज ठेवायचा. त्याला कळाय पायजे माणूस हाय. त्यो आपणहून बाजूला होतो.” दोन्ही बाजूंना ज्वारी, माझ्या डोक्यापेक्षा उंच. पानं सळसळली की मी थांबायचे, आणि मी थांबले की मामा थांबायचा. सकाळपासून वाघ दिसावा म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं. त्या तीनशे पावलांत तेच साकडं उलटं घातलं, अगदी मनापासून.

मोटर चालू झाली. पाण्याचा आवाज आला. मामा दंड धरत फिरला आणि मी बांधावर गोधडी गुंडाळून बॅटरी चारी बाजूंना फिरवत बसले, पहाटे तीनपर्यंत. टेस्टरची नोकरी. काही सापडू नये यासाठी डोळ्यांत तेल घालून बघायचं.

सोमवारी ऑफिसात पोचले तर पहिला प्रश्न, “दिसला का?” टीम लीडनेच परस्पर सांगून टाकलं, “नाही. पण त्याचा पत्ता मिळाला.” तो नंतर आठवडाभर मला मामाच्या लाईटची पाळी विचारायचा.

त्या हिवाळ्यात आणि मग उन्हाळ्यातही, रात्रपाळी असली की बारा वाजता मी मामाला फोन लावायचे. तो स्पीकरवर टाकायचा. कीर्तनाऐवजी मी. काहीही बोलायचे, रिलीज कसं पुढे ढकललं, रूममेटने दूध कसं उतू घातलं, मोठ्या आवाजात, शेजारच्या फ्लॅटमधून भिंतीवर थाप पडेपर्यंत. मामा मधूनमधून “हं” करायचा. त्याच्या चपलांचा आवाज, कुठेतरी टिटवी, मग स्टार्टरचा खटका आणि मोटरची घरघर.

“झाली चालू. झोप आता, माय.”