पांढरे हातमोजे आणि बिनचेहऱ्याचे मजूर

‘कौटुंबिक सिनेमा’ म्हटले की आईबाप निर्धास्त होतात. मारामारी नाही, शिवीगाळ नाही; मुलांना खुशाल बघू द्या! सिनेमात काय दाखवले ते आपण पाहतो. त्यातून काय पुसून टाकले, ते मात्र पाहत नाही.

डिस्नेचा ‘डम्बो’ घ्या. हत्तीच्या पिल्लाचा हा गोड कार्टून सिनेमा १९४१ सालचा. त्यात रात्री, भर पावसात काळे मजूर सर्कशीचा तंबू उभारतात. घण मारतात, दोर ओढतात, गाणे म्हणतात. पण त्यांना चेहरेच नाहीत! पिल्लाला डोळे आहेत, आसवे आहेत. राबणाऱ्या माणसांना काहीच नाही. त्याच १९४१ साली डिस्नेच्या स्टुडिओत चित्रे काढणाऱ्या कामगारांनी युनियनसाठी संप केला होता. घराघरांतल्या मुलांना हसवणारे हात असे रस्त्यावर उतरले होते.

या गोडव्याची साल अमेरिकेतल्याच ‘मॅड’ नावाच्या कॉमिकने काढली. जानेवारी १९५५ च्या अंकात हार्वे कर्ट्झमन यांनी लिहिलेली आणि विल एल्डर यांनी चितारलेली मिकी माऊसची नक्कल आली. हा मिकी दाढीचे खुंट वाढलेला, मत्सरी. डिस्नेचे बरेच प्राणी पांढरे हातमोजे घालतात, ते आठवा. इथे सुरुवातीलाच एका घोड्याला पोलीस फरफटत नेतात. गुन्हा काय? हातात हातमोजे नाहीत! शेवटी मिकी आपल्या बदक-मित्राला खऱ्या बदकांच्या कोंडवाड्यात अडकवतो. वाचताना हसू येते आणि अंगावर काटाही येतो.

हातमोज्यांचा हा विनोद आम्हांला फार जवळचा वाटतो. उघडा, राबणारा हात दिसला की ज्यांचे स्वच्छ जग विटाळते, त्यांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारांच्या पवित्र कथांची अशीच साल काढली. ते पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. २०११ साली त्यावरून इंग्रजीत चित्रकथाही निघाली. तेव्हा हे हत्यार आपल्याला परके नाही.

तरी व्यंगचित्र म्हटले की आपली माणसे सावध होतात, आणि ते रास्तच आहे. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू, हे १९४९ चे चित्र पाठ्यपुस्तकात होते. त्यावरून २०१२ साली समाज पेटून उठला. मग असा कडू विनोद सम्यक वाचेत बसतो का? आमच्या मते कसोटी एकच: हसतो कोण आणि हसे कुणाचे होते? दबलेल्याला हसणे ही क्रूरता. दाबणाऱ्याच्या फर्मानाला हसणे हे प्रबोधन. ‘मॅड’ हसले ते हातमोज्यांच्या फर्मानाला.

म्हणून मातापित्यांनो, टीव्ही किंवा मोबाईल हिसकावून घेऊ नका. मुलांजवळ बसा आणि विचारा, “हा तंबू कुणी उभारला रे? त्याचा चेहरा कुठे गेला?” मग वहीचे कोरे पान द्या आणि तो चेहरा त्यांनाच काढू द्या.