दोन गवाह आणि एक जॉइंट

परशुराम घाटात गाडीने रेस घेणं सोडलं तेव्हा अम्मी मागच्या सीटवर आडवी होती. चिपळूणला चार तास डायलिसिस करून आम्ही खेडकडे परत निघालो होतो. पाय पूर्ण दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीने चढतेय, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलाय, आणि मागून ट्रकवाला हॉर्नवर बसलाय. बाजूला घेतली, चावी बंद केली, मिनिटभराने चालू केली. गाडी एकदम शहाणी. जणू काही झालंच नव्हतं.

अम्मीने डोळे न उघडता विचारलं, "पोचलो का?"

आठवड्यात दोन खेपा, मंगळवार आणि शुक्रवार. डायलिसिस झालेल्या माणसाला घाटात रस्त्याच्या कडेला उन्हात बसवून ठेवता येत नाही. त्यामुळे ही गाडी माझ्यासाठी हौसेची वस्तू नव्हती. ती अब्बांची होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी २०११ मध्ये घेतलेली, आयुष्यातली पहिली आणि शेवटची. २०२२ मध्ये ते गेले आणि चावी माझ्याकडे आली.

इथे थोडं थांबून सांगतो. मी मुसलमान आहे म्हटल्यावर बऱ्याच मित्रांना वाटतं की माझा एखादा मामू तरी गॅरेजवाला असणारच. नाही हो. आमच्या खानदानात सगळे मास्तर, कारकून आणि एक टेलर. बॉनेट उघडल्यावर पाणी कुठे घालायचं एवढंच मला ठाऊक होतं.

म्हणून सरळ एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला पी २१३५. थ्रॉटलच्या दोन सेन्सरांच्या व्होल्टेजचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. "थ्रॉटल बॉडी गेली, बदलावी लागेल." १४,५०० रुपये. बदलली. नऊ दिवस गाडी उत्तम चालली. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, त्याच घाटात, जवळजवळ त्याच वळणावर पुन्हा तोच पिवळा दिवा. परत गेलो तर म्हणाले, मग कॉम्प्युटरच गेला असणार, चाळीस हजार धरा. आणि हळूच एक सल्लाही दिला: "जुनी गाडी आहे, काढून टाका."

खरं सांगतो, मी काढणारच होतो. अम्मीपुढे विषय काढला तर ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्या भाषेत तो नकार असतो.

मग आमच्या एका शेजाऱ्याने चिपळूणच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात, मीही तेच म्हणेन. पत्र्याची शेड, एक बाकडं, एक मीटर. अम्मीला मशीनवर सोडलं, जुमा पढलो आणि गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. गाडी पाहताच म्हणाले, "ही मास्तरांची ना?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पुरात होती का?"

चिपळूणमधला प्रत्येक मेकॅनिक हा प्रश्न विचारतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. धुऊन पुसून चालू झालेल्या गाड्यांचे कपलर आतून हिरवे होत राहिले आणि वर्ष-दोन वर्षांनी एकेक आजार बाहेर आला. उस्तादांची स्वतःची शेडही पाण्याखाली गेली होती. आमची गाडी खेडला उंचावर होती, वाचली होती. "मग दुसरं काहीतरी," असं म्हणून त्यांनी बिडी विझवली.

त्यांनी मला जे समजावलं ते जसं कळलं तसं लिहितो. पूर्वीच्या गाड्यांत पायाखालच्या पेडलपासून इंजिनपर्यंत एक तारेची केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि हवेचं झाकण उघडायचं. केबल तुटली तर दिसायची. आता पेडलला केबल नाही. पाय किती दाबला ते सेन्सर सांगतो, कॉम्प्युटर ऐकतो आणि एका छोट्या मोटरला झाकण उघडायला लावतो. झाकण खरंच किती उघडलं, हे पुन्हा सेन्सर सांगतात. आणि इथे एकाच्या शब्दावर भरवसा ठेवत नाहीत. दोन ठेवतात.

"निकाहला दोन गवाह लागतात ना, तसं," उस्ताद म्हणाले.

दोघांची बोली मात्र मुद्दाम वेगळी असते. आमच्या गाडीत झाकण उघडत गेलं की एका सेन्सरचा व्होल्टेज वाढतो आणि दुसऱ्याचा तेवढाच उतरतो. कुठल्याही क्षणी बेरीज पाच व्होल्टच्या आसपास राहिली पाहिजे. पेडलकडची जोडी निराळी. तिथे दोघे एकत्र वाढतात, पण एक नेहमी दुसऱ्याच्या निम्मा. साक्षी जुळल्या नाहीत की कॉम्प्युटर कोण खरा, कोण खोटा याच्या भानगडीत पडत नाही. तो मोटरचा करंट तोडतो, स्प्रिंग झाकणाला जरासं उघडं धरून ठेवते आणि गाडी रांगत का होईना चालते. मला जो आजार वाटत होता तो खरं तर गाडीने स्वतः घेतलेला पथ्याचा निर्णय होता. बेभान पळण्यापेक्षा रांगलेलं बरं.

आधी त्यांनी पेडल तपासलं. इंजिन बंद, चावी ऑन, मी पेडलवर, ते खाली वाकून मीटर धरून. पाय वर असताना ०.७५ आणि ०.३७. हळूहळू दाबायला लावलं. एक आकडा सतत दुसऱ्याच्या दुप्पट. "हे दोघे इमानदार."

मग थ्रॉटलचा कपलर. त्यांनी वायर सोलली नाही, कपलरच्या मागून बारीक टाचण्या सरकवल्या. टेस्ट लॅम्पही लावला नाही. सेन्सरच्या वायरीवर बल्ब पेटवणारा माणूस कॉम्प्युटर जाळतो, असं त्यांचं म्हणणं. एक सेन्सर ०.६०, दुसरा ४.४०. बेरीज बरोबर पाच. माझी निराशा झाली. सगळं ठीक असेल तर दुखणं कुठे शोधायचं?

उस्तादांनी मला विचारलं, "घाटात चढतानाच होतं? उतरताना नाही?"

नाही. उतरताना कधीच नाही.

त्यांनी इंजिनला हाताने धक्का दिला. ते बरंच हललं. माउंटिंगचे रबर म्हातारे झाले होते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की इंजिन एका बाजूला कलतं आणि त्याच्यापासून बॉडीकडे जाणारं वायरिंग ताणलं जातं. मग त्यांनी वायरिंगचा तो जुडगा हातात घेऊन सावकाश, इंच-इंच पुढे सरकत, वाकवायला सुरुवात केली. मला सांगितलं, नजर मीटरवर ठेव. बॅटरीजवळ पोचले आणि आकडे उडाले. पहिला ०.६० वरून ०.९५. दुसरा ४.४० वरून ४.४५.

झाकण तर जागचं हललं नव्हतं. आणि हलतं तर एक वाढून दुसरा कमी झाला असता. इथे दोघेही वर गेले होते. बेरीज ५.४०.

"दोघांनी एकदम झूठ बोलायचं कारण काय?" ते म्हणाले. "दोघांचा सामायिक काय आहे ते बघ. अर्थिंग."

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी सेन्सरच्या अर्थ वायरवर. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसलं ०.०२. जुडगा वाकवला, ०.४०. म्हणजे करंट परत जाण्याच्या वाटेत कुठेतरी अडथळा होता, आणि दोन्ही सेन्सरांच्या पायाखालची जमीनच तेवढी वर उचलली जात होती. ते उचललेल्या जमिनीवरून मोजत होते. नवी थ्रॉटल बॉडी बसवताना वायरिंग हाललं, ती वायर नऊ दिवस बरी बसली, एवढंच काय ते १४,५०० रुपयांचं काम.

उस्तादांनी बॅटरी काढली, ट्रे काढला, वायरिंगवरची नळी चिरली. आत काळ्या टेपचा एक फुगवटा. टेपवर पांढरा दोरा, एकसारखे वेढे देऊन, शेवटी आत ओढून घेतलेली गाठ.

ती गाठ मी ओळखली. माझ्या शाळेच्या सगळ्या वह्या अब्बांनी तशाच बांधल्या होत्या.

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, उभ्या गाडीत उंदीर शिरले होते. त्यांनी तीन वायरी कुरतडल्या. गॅरेजं बंद, अम्मीचं क्रिएटिनिन वाढलेलं, दवाखान्यात न्यायलाच हवं. मी तेव्हा पुण्यात अडकलो होतो. अब्बांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की गाडी झाली दुरुस्त. कुणी केली ते मी विचारलं नव्हतं.

तिन्ही जॉइंट त्यांचेच होते. दोन अजून धड होते. तिसरा ट्रेच्या काठाला घासत राहिला, पावसाची ओल आत गेली. टेप सोडली तर तांबं हिरवं झालेलं आणि दोनच बारीक तारा शिल्लक.

मी काही बोललो नाही. उस्तादांनी तो जॉइंट जरा वेळ पाहिला आणि म्हणाले, "सोल्डर नव्हता त्यांच्याकडे. नाहीतर हाताचं काम साफ आहे." मग त्यांनी तिन्ही ठिकाणी चांगली वायर जोडली, सोल्डर केली, स्लीव्ह चढवून गरम केली आणि जुडगा ट्रेपासून लांब बांधला. कोड पुसला. आठशे रुपये घेतले. माउंटिंग पावसाळ्याआधी बदला, नाहीतर वायर उद्या दुसरीकडे तुटेल, असं दोनदा बजावलं.

अम्मीला घेऊन परत निघालो. घाटात दुसरा गिअर, पाय दाबला, गाडी चढली. वर पोचल्यावर मी तिला जॉइंटची गोष्ट सांगितली.

"टॉर्च मीच धरली होती," ती म्हणाली. "अंधारात तासभर. म्हणत होते, हे तात्पुरतं आहे, गॅरेज उघडलं की दाखवू. मग राहूनच गेलं."

माउंटिंग मी मे महिन्यात बदलून घेतलं.