दादींना चढता येईल एवढीच उंची

मुंबईहून कोकणात जाताना लोणेरे आले की आम्ही महामार्ग सोडतो. गोरेगावमार्गे आंबेतला सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे म्हाप्रळ, आणि तिथून मंडणगडची चढण सुरू होते. आंबेत हे बॅ. अ. र. अंतुले यांचे गाव. 1980 ते 1982 या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आजही खाडीच्या दोन्ही काठांवरच्या मोहल्ल्यांत त्यांचे नाव घरच्या माणसासारखे घेतले जाते. आंबेतच्या पुलाची दुरुस्ती चालू होती तेव्हा गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जात. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे चांगली रुंद झालेली असते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते.

आमचे मूळ गाव याच खाडीच्या काठी आहे. डांबरी रस्ता गावाच्या डोक्यावर संपतो. तिथून मोहल्ल्यापर्यंतची वाट जांभ्याची, उतरणीची, एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने खणलेली चर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैत या जांभ्यावर शेवाळ धरते. चाक घसरले की थेट चरीत जाते. वाहने अडतात ती याच तुकड्यावर, आणि आजारी माणसाला खुर्चीवर बसवून वर आणावे लागते तेही इथूनच.

यंदा दादींना पावसाळ्यातच गावी जायचे होते. त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. "पाऊस थांबेपर्यंत थांबा," असे म्हणण्याची आमच्यापैकी कोणाची हिंमत नव्हती. गाडी होती महिंद्राची थार, चारही चाकांना जोर देणारी. तिच्या पुढे विंच बसवावी, म्हणजे इंजिनाच्या पुढे बसणारे, बॅटरीवर चालणारे दोर ओढण्याचे यंत्र, यावर घरात सगळ्यांचे एकमत झाले. वाद झाला तो गाडीच्या उंचीवर.

धाकट्या भावाचे म्हणणे होते, विंच लावतोच आहोत तर सस्पेन्शन दोन इंचांनी उचलूनही घेऊ. मस्कतला नोकरी करणाऱ्या मामूंनीही फोनवर त्याचीच बाजू घेतली. ओमानच्या वाळवंटात त्यांनी अशा उंच गाड्या रोज पाहिलेल्या. पण वाळवंट वेगळे आणि कोकण वेगळे. तिथे दोर बांधायला झाड नसते, म्हणून लोक टायरमधली हवा कमी करतात आणि चाकाखाली फळ्या घालतात. आपल्याकडे झाडे पावलोपावली आहेत. विंचचा खरा उपयोग इथे.

पनवेलच्या आमच्या जुन्या मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "गाडीत कोण बसणार?" दादींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. आहे त्याच पायरीवर त्या दाराची मूठ धरून, "बिस्मिल्लाह" म्हणून कशाबशा चढतात. दोन इंच म्हणजे पन्नास मिलिमीटर. आपल्याला ते काहीच वाटत नाही, पण त्यांच्यासाठी कोणीतरी उचलून बसवणे आणि स्वतः चढून बसणे यातला तो फरक आहे.

मिस्त्रींनी आणखीही समजावले. थारचा मागचा ॲक्सल अखंड आहे. स्प्रिंग उंच केल्या तर वरचा सांगाडा उचलला जातो, पण डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. दगडाला आधी लागतो तो गोळाच. तो वर हवा असेल तर टायर मोठे लागतात. शिवाय गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो, घाटाच्या वळणावर ती जास्त झुकते आणि पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचा कोनही बदलतो. मूळची 226 मिलिमीटरची मोकळीक आमच्या वाटेला पुरेशी होती.

मग उंची न वाढवता विंच बसवायची तर अडचण कोणती? वजन. पूर्ण भरलेली गाडी सव्वादोन टनांच्या आसपास. विंचची ताकद त्याच्या दीडपट तरी असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. आम्ही घेतली ती 9,500 पौंडांची, म्हणजे सुमारे 4,300 किलो ओढणारी. लोखंडी तारेऐवजी सिंथेटिक दोर घेतला, तेवढ्याने जवळजवळ दहा किलो वाचले. जाड लोखंडी बंपर घेतला नाही. मूळ बंपरच्या आड, चॅसिसच्या दोन तुळयांमध्ये, खालच्या अंगाला प्लेट बसवून त्यावर विंच ठेवली. प्लेटसह वजन पन्नास किलोच्या घरात गेले.

हे पन्नास किलो पुढच्या चाकांच्याही पुढे, साधारण 70 सेंटिमीटरवर लटकतात. गाडीच्या दोन ॲक्सलमधले अंतर 245 सेंटिमीटर. तराजूच्या हिशेबाने पुढच्या चाकांवर पन्नास नव्हे, चौसष्ट किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे चौदा कमी होतात. लोखंडी बंपर आणि लोखंडी तार घेतली असती तर हा भार सहज दुप्पट झाला असता, नाक खाली गेले असते आणि मग सस्पेन्शन उचलण्याची खरोखरच गरज पडली असती. मिस्त्रींनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप काम करण्याआधी आणि नंतर घेतले. फरक जेमतेम सेंटिमीटरभर निघाला. त्यांनी हेडलाइटचा झोत आणि चाकांचे अलाइनमेंट पुन्हा जुळवून दिले. रेडिएटरची हवा अडत नाही आणि नंबरप्लेट झाकली जात नाही, हेही पाहिले.

कायद्याची बाजूही आधी पाहून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. गाडीपुढे लोखंडी क्रॅशगार्ड लावण्याविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते. म्हणून कोणतेही काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारलेले बरे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. म्हाप्रळच्या पुढे पावसाने झोडपले. गावाच्या उतरणीवर पोहोचलो तर आमच्या आधी निघालेला तांदळाच्या गोण्यांचा छोटा टेम्पो चरीत कलंडलेला. मागची दोन्ही चाके चिखलात, आणि खाली जायला दुसरी वाट नाही.

दादी स्वतः खाली उतरल्या आणि छत्री घेऊन शेजारच्या अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसल्या. मुलांनाही त्यांच्याकडे पाठवले, कारण दोर ताणलेला असताना त्याच्या टप्प्यात कोणी उभे राहायचे नसते. गाडी टेम्पोकडे तोंड करून सरळ उभी केली. उतारावर आमचीच गाडी पुढे ओढली जाऊ नये म्हणून पुढच्या चाकांपुढे जांभ्याचे चिरे लावले आणि गाडीची मागची बाजू रायवळ आंब्याच्या बुंध्याला रुंद पट्ट्याने बांधली. साधा दोर सालीत रुततो, पट्टा रुतत नाही. दोर टेम्पोला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत आमच्या गाडीला अडकवला. त्याने ओढ जवळपास दुप्पट होते, वेग मात्र निम्मा. दोरावर जुनी घोंगडी टाकली, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाही.

इंजिन चालू ठेवले, कारण पूर्ण ओढीला विंच चारशे अँपिअरपर्यंत वीज खाते आणि नुसत्या बॅटरीचा निभाव लागत नाही. मिनिटभर ओढायचे, मग मोटार गार होऊ द्यायची. चौथ्या खेपेला टेम्पोची चाके जांभ्यावर आली. चालक भिजलेल्या गोण्या मोजत म्हणाला, "अल्ला भला करो." रस्त्यातली अडचण दूर करणे हाही सदका, हे दादींनी आम्हाला लहानपणीच शिकवले होते. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. मूठ धरून पुन्हा गाडीत चढल्या आणि म्हणाल्या, "चला, ती वाट पाहत असेल."

दोघी बहिणींनी तीन दिवस एकाच खोलीत काढले. तेवढ्या वेळात आम्ही मोहल्ल्यातल्या तरुणांबरोबर वाटेवर पडलेल्या दोन फांद्या विंचने बाजूला केल्या आणि ती चर नीट पाहिली. वरच्या अंगाला मोरी नाही, म्हणून सगळे पाणी वाटेवरून वाहते. खरे दुखणे तेच आहे. रुग्णवाहिकेच्या पुढे काही विंच नसते. मोरी आणि काँक्रीटच्या दोन पट्ट्या मागणारा अर्ज मोहल्ल्यातल्या लोकांनी सह्या करून तयार केला आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मांडला जाईल. पहिला अंगठा दादींच्या बहिणीचा आहे, अंथरुणावरूनच दिलेला.