बनगावचं साखर-मीठ-पाणी

बालमित्रांनो, आज जरा लांब जाऊ या. पार बंगालमध्ये! कोलकात्याच्या सियालदह स्टेशनवर बनगाव लोकल पकडायची. दमदम, बारासात, हाबरा अशी स्टेशनं मागे पडतात. भातशेतं, छोटी छोटी तळी, केळीची झाडं दिसू लागतात आणि दोनेक तासांत बनगाव येतं. गावातून इच्छामती नदी वाहते. थोडं पुढे पेट्रापोल. तिथे आपला देश संपतो, पलीकडे बांगलादेश. तिकडे जाणारा रस्ता म्हणजे जेसोर रोड.

१९७१ साली याच रस्त्यावर माणसांची रीघ लागली होती. तेव्हाचा पूर्व पाकिस्तान म्हणजे आजचा बांगलादेश. त्या मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने तिथल्या लोकांवर हल्ले सुरू केले. घरदार टाकून लोक भारताकडे निघाले. कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या कडेवर मूल. वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी माणसं आली! छावण्या तुडुंब भरल्या. त्यात पावसाळा. पिण्याचं पाणी घाण झालं आणि कॉलऱ्याची साथ पसरली.

कॉलऱ्यात जुलाब-उलट्यांवाटे अंगातलं पाणी आणि क्षार भराभर निघून जातात. धडधाकट माणूससुद्धा काही तासांत दगावू शकतो. तेव्हा खात्रीचा उपाय एकच मानला जाई, शिरेतून सलाइन.

बनगावच्या दवाखान्यात डॉ. दिलीप महालनबीस आपलं पथक घेऊन आले. दोन खोल्या, सोळा खाटा आणि जमिनीवरही रुग्णच रुग्ण. सलाइन लावायला त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. बाटल्या अपुऱ्या, आणि पथकात सलाइन लावता येणारे फक्त दोघं! तुम्ही असतात तर काय केलं असतंत, सांगा बरं?

ढाका आणि कोलकाता इथल्या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली होती. कॉलरा झालेल्याला नुसतं पाणी पाजून भागत नाही. पण पाण्यात मीठ आणि ग्लुकोज, म्हणजे एक प्रकारची साखर, योग्य प्रमाणात घातली, तर आतडं साखरेसोबत मीठही शोषून घेतं आणि त्यामागोमाग पाणीही. पण हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं, असं पुष्कळ जाणकारांचं मत होतं.

इथे तर डॉक्टरच कमी! डॉ. महालनबीसांनी ठरवलं, सलाइन अगदी अत्यवस्थ रुग्णांसाठी राखायचं, बाकीच्यांना हे पाणी प्यायला द्यायचं. आणि पाजायचं कुणी? आईने, बापाने, भावाबहिणीने!

कोलकात्यात एका ग्रंथालयाच्या खोलीत मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पिशव्या भरल्या गेल्या. पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने बंद केली. बनगावात ही पूड पाण्याच्या पिंपांत मिसळली जाई. नातेवाईक तिथून पेले भरून नेत आणि उशाशी बसून घोट घोट पाजत.

दोन महिन्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. आधी शंभरातले तीसेक जण दगावत होते. आता ते प्रमाण चारहूनही कमी झालं!

हेच आपलं ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. ते आज जगभर वापरलं जातं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

घरी जुलाब झाले आणि पुडी नसेल, तर हे ध्यानात ठेवा. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. प्रमाण चुकवायचं नाही हं! आणि डॉक्टरांना दाखवायचंच. तोवर एकेक घोट पाजत राहायचं. बनगावला घरच्यांनी नेमकं तेच केलं होतं.