मोतीचे पाय



मागच्या एप्रिलमध्ये आमचा मोती लंगडायला लागला. मोती म्हणजे मुलानं पुण्याला बदली झाल्यावर आमच्याकडे सोडलेला कुत्रा. आधी मी त्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, आता मी समोर बसल्याशिवाय तो भाकरीला तोंड लावत नाही.

लंगडणं रोजचं नव्हतं. आमचे हे म्हणाले, "सोंग करतंय, चालायचा कंटाळा." मीही एक-दोनदा साखळी ओढली. पण बी.कॉम.ची सवय जात नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीत त्याच्या लंगडण्याच्या वेळा टिपल्या. पंधरा दिवसांनी बघते तर सकाळी फिरून आला की ठीक, चारच्या फेरीनंतर लंगडा.

चारची वेळ माझीच होती. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून पाचला स्वयंपाकाला लागायचं, त्याआधी निपाणी रस्त्यानं एक चक्कर. माझ्या पायात चप्पल!

जनावरांच्या डॉक्टरांनी पंजा उलटा करून दाखवला. गादी लालभडक, एका कडेला साल सुटलेली. म्हणाले, "काकू, तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसलं तर त्याला न्या." येताना टेकवली. तीनलाच हात उचलला. हवा 35 अंशांची असली तरी उन्हात तापलेलं डांबर 50 च्या वर जातं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग फिरवायचं कधी? अंधार पडल्यावर रस्ता निवतो, पण पायाखाली किडा-मुंगी दिसत नाही. आपले मुनीमहाराज अनवाणी विहार करतात तेही उजेडात, चार हात पुढची जमीन बघत. ईर्यासमिती लहानपणी पाठ केली होती, कुत्र्यामुळे कामाला आली. आता उजाडल्यावर लगेच सर पिराजीराव तलावाच्या बाजूला मातीतून जातो. संध्याकाळी फक्त अंगण.

मातीतही सुख नाही म्हणा. सराटे, बाभळीचे काटे, तोडणी झालेल्या फडातले उसाचे टोकदार बुडखे, फुटक्या बाटल्या. बांधावरच्या काँग्रेस गवतानंही खाज सुटते. म्हणून घरी आलं की कोमट पाण्यानं पाय धुते, बोटांच्या बेचक्यांत बघते आणि तिथंच नीट कोरडं करते. ओल राहिली की चिघळतं. काटा खोल असला तर डॉक्टरच. आपली दुखण्याची गोळी त्याला अजिबात देऊ नका, विषबाधा होते. आणि फिनाईलनं फरशी पुसली की वाळेपर्यंत त्याला बाहेर बांधते, कारण पायाला लागलेलं सगळं चाटून पोटात जातं. हे मला साठीनंतर कळलं.

मुलानं पुण्याहून बूट पाठवले. एक पहिल्याच दिवशी तलावाकाठच्या चिखलात गेला, उरलेले तीन नातवाच्या खेळण्यांत आहेत.

काल मागच्या पायात सराटा निघाला. मोती हलला नाही, नुसता हात चाटत राहिला. परत हातपाय धुऊन बस्तीत पोचेपर्यंत अभिषेक सुरू झाला होता.