धूर नाही म्हणून

भातशेती भूसंपादनात गेल्यावर मी जासईच्या भावकीतल्या दोघांबरोबर करंजा बंदरावर एका जुन्या लाकडी बोटीत भागी घेतली. पौषात रात्री केबिनमध्ये हुडहुडी भरायची. मुंबईच्या टापूत थंडी ती कितीशी, असं लोक म्हणतात. जानेवारी 1962 मध्ये सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला होता. तशी थंडी आम्हाला कधी लागली नाही. पण जाळी ओढून चिंब झालेल्या अंगाला उत्तरेचा वारा झोंबला की 16 अंशही पुरे होतात.

शेगडी घ्यायचं ठरलं आणि निवड माझ्यावर आली. बाजारात भुशाची शेगडी होती, लाकडाची छोटी चूलही होती. दोन्ही मी धुरामुळे नाकारल्या आणि लोणारी कोळशाची लोखंडी शेगडी उचलली. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस आपणहून दार उघडतो. कोळसा असा इशारा देत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. पेटत्या कोळशावर निळ्या ज्वाळा दिसतात, तेव्हा हाच वायू जळत असतो. निखाऱ्यांवर राख धरली, ज्वाळा विझल्या, की तो न जळताच खोलीत साठू लागतो. आम्ही नेमके तेव्हा निर्धास्त व्हायचो. आग मंदावली म्हणून दार लावायचं, वारा शिरू नये म्हणून फटींत गोणपाट कोंबायचं. ते गोणपाट मीच आणलं होतं.

अशाच एका रात्री डोकं ठणकत होतं. मला वाटलं, डिझेलचा वास चढला. मळमळलं, वाटलं, बोट लागली. दर्या तर शांत होता. उठायला गेलो तर पायांत जोर नाही. तेवढ्यात बोटीच्या तांडेलाने बाहेरून दारावर लाथ घातली, “दादा, दार उघरा!” त्यानेच आम्हाला ओढून बाहेर काढलं. धाकटा चुलतभाऊ बराच वेळ हाकेला ओ देत नव्हता. बंदरावर आल्यावर दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला, तो बरा झाला. त्याच्या आईला काय घडलं ते मी स्वतः सांगितलं. आयुष्यात तेवढं जड काही बोललो नाही.

नंतर शेगडी हलवली तर खालची फळी काळी पडलेली. शेगडीखालचा पत्रा मी थेट लाकडावर ठोकला होता. पत्र्याने धग अडवली नाही, खाली पोचवली. मध्ये हवेला जागा हवी होती, किंवा जाड वाळूची पेटी. पुढे छतातून नळी काढून पाहिली, तीही आखूड. वारा फिरला की सगळं उलटं आत यायचं.

आता केबिनमध्ये निखारा नेत नाही. कोरडे कपडे आणि घोंगडी बंद डब्यात ठेवतो, चहा-भात बाहेर उघड्यावर होतो. कोळशाशी माझं वैर नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या सराई कुकरमध्ये शंभरेक ग्रॅम कोळशावर घरभराचं जेवण शिजतं, तेही मोकळ्या हवेत. शेगडीबद्दल कुणी विचारायला आलं, तर मी आधी विचारतो: ताजी हवा खालून कुठून येणार, आणि जळलेली वर कुठून जाणार?